तीनशे पीएसची गाडी रोज चालवायची आहे: मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खराडीला राहता, ऑफिस हिंजवडीला. आठवड्यातले चार दिवस ही फेरी, आणि सुट्टीला ताम्हिणी नाहीतर पसरणीचा घाट. दोन वापरलेल्या गाड्या हेरून ठेवल्या आहेत. एक २०१६ची स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय मॅन्युअल, दुसरी २०१७ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, जी आपल्याकडे डीएसजीतच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येच, मिळाली. जी घ्याल तिला रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, तीनशे पीएसपर्यंत (पीएस म्हणजे इंजिनची ताकद, साधारण हॉर्सपॉवर) न्यायची आहे. मित्र म्हणतात, खरा ड्रायव्हर मॅन्युअलच चालवतो. बायको म्हणते, त्या ट्रॅफिकमध्ये मी क्लच दाबत बसणार नाही. आणि डीएसजी म्हणजे लाखांचं बिल, अशी भीती कुणीतरी घालून ठेवली आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो, कारणं नंतर वाचा. तुमची फेरी, घरातले दोन चालक आणि तीनशेचा हट्ट, हे तिन्ही खरं असेल तर व्हीआरएस घ्या. अट एकच: गिअरबॉक्सच्या तेलाचा इतिहास कागदावर मिळाला पाहिजे. सुपर्ब मॅन्युअल मला गाडी म्हणून जास्त आवडते, पण ती जवळपास आहे तशीच ठेवणार असाल तर. तिचा मूळ टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, लहान आहे. नुसत्या सॉफ्टवेअरवर ती तीनशेला पोचणार नाही, टर्बो बदलावा लागेल, आणि मग क्लचपासून इंधन पंपापर्यंत सगळ्यांची रांग लागेल. व्हीआरएस चांगल्या पेट्रोलवर नुसत्या सॉफ्टवेअरने तीनशेच्या आसपास जाते.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही विचारलंय "मॅन्युअल की ऑटोमॅटिक", पण मी गॅरेजमध्ये बसून बघतो तेव्हा मला हा प्रश्न असा दिसतच नाही. गिअरबॉक्सला पीएस कळत नाहीत, त्याला कळतो टॉर्क, म्हणजे इंजिनचा पिळण्याचा जोर, जो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. आणि तो टॉर्क किती आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे), किती अचानक आणि किती गरम अवस्थेत येतो, यावर बॉक्स टिकणार की नाही ते ठरतं. गंमत म्हणजे याचा सगळ्यात चांगला दाखला तुम्ही बघितलेल्या सुपर्बमध्येच आहे.

त्या काळातली १.८ टीएसआय सुपर्ब मॅन्युअल आणि डीएसजी अशी दोन्हींत मिळायची. इंजिन तेच, ताकद दोन्हींची १८० पीएस. पण टॉर्कचा आकडा बघा: मॅन्युअलला ३२० न्यूटन-मीटर, डीएसजीला २५०. सत्तर न्यूटन-मीटर गेले कुठे? हिशेब सोपा आहे. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२२, की पीएस मिळतात. मॅन्युअलचा ३२० टॉर्क साधारण ३,९०० आरपीएमपर्यंत टिकतो: ३२० गुणिले ३,९०० भागिले ७०२२, म्हणजे १७८. डीएसजीचा २५० टॉर्क ५,००० आरपीएमपर्यंत टिकतो: पुन्हा १७८. वरचा आकडा दोघांचा सारखाच, कापलाय तो फक्त खालच्या आरपीएमचा टॉर्क. कारण त्या डीएसजीत ड्राय, म्हणजे कोरड्या, क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० बॉक्स होता, आणि त्याची मर्यादाच २५० न्यूटन-मीटरची आहे. ब्रोशरमध्ये "१८० पीएस" वाचून घेणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच वाटायच्या. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दिला की फरक कळायचा.

इथे ऑटोमॅटिकने टॉर्क कापला. आता उलटं बघा. टोयोटा फॉर्च्युनरचं २.८ डिझेल, २०४ पीएस: मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकला ५००. महिंद्रा थारचं पेट्रोल: मॅन्युअल ३००, ऑटोमॅटिक ३२०. स्कॉर्पिओ-एनचं १७५ पीएसचं डिझेल: मॅन्युअल ३७०, ऑटोमॅटिक ४००. थेट वरच्या टोकाला जायचं तर बीएमडब्ल्यू एम२. भारतात २०२४च्या शेवटी आलेल्या ४८० पीएसच्या आवृत्तीत ऑटोमॅटिकला ६००, मॅन्युअलला ५५०. यातल्या एकातही ड्राय क्लचचा ऑटोमॅटिक नाही, सगळे टॉर्क कन्व्हर्टरवाले (तो काय, ते खाली येतंच).

म्हणजे कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा "मॅन्युअल दणकट, ऑटोमॅटिक नाजूक" असं काही मानत नाहीत. ते विशिष्ट बॉक्सची विशिष्ट मर्यादा बघतात आणि इंजिनला तिथे लगाम घालतात. रीमॅप करणारा नेमका तोच लगाम काढतो. म्हणून जास्त ताकदीची गाडी घ्यायची तर आधी गिअरबॉक्स निवडायचा आणि मग त्याला पेलेल एवढंच इंजिन करायचं. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात. आधी रीमॅप, मग क्लच घसरला की फोन.

मॅन्युअलचा क्लच इथे जरा खोलात बघू, कारण "मॅन्युअलमध्ये बिघडण्यासारखं आहेच काय" हे वाक्य मी फार ऐकतो. क्लच प्लेट किती टॉर्क धरून ठेवेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाचे किती पृष्ठभाग आहेत, प्रेशर प्लेटचा दाब किती, प्लेटची सरासरी त्रिज्या किती आणि अस्तराची पकड किती. समजा, दाब ८,००० न्यूटन, त्रिज्या दहा सेंटिमीटर, दोन बाजू आणि पकड ०.३. गुणाकार केला की ४८० न्यूटन-मीटर येतात. ३२०च्या इंजिनच्या दीडपट, म्हणजे निम्मी राखीव, छानच. पण प्लेट तापली, पकड ०.३ वरून ०.२ वर आली की तोच क्लच फक्त ३२० धरतो. राखीव संपली. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या गाडीचे नेमके नव्हेत, पण प्रकार हाच आहे. थंड सकाळी रिकाम्या रस्त्यावर ४०० न्यूटन-मीटर ओढणारा क्लच, बाणेर-बालेवाडीच्या गर्दीत पाऊण तास हाफ क्लचवर घासून झाल्यावर ३५०लाही सुटतो. आणि एकदा सुटला की घसरण्याने तो आणखी तापतो, तापल्याने आणखी घसरतो.

असा क्लच उतरवला की पाहण्यासारखा असतो. फ्लायव्हीलच्या चकचकीत लोखंडावर निळे-जांभळे डाग उठलेले, काही ठिकाणी बारीक भेगा. प्लेटचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं, बोट फिरवलं तर खरखर लागतच नाही. बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) उघडताक्षणी तो जळका वास येतो, आणि दोन दिवस कपड्यांतून जात नाही.

उपाय आहे, जास्त पकडीचा क्लच सेट. पण त्याची किंमत फक्त पैशात नाही. प्रेशर प्लेटचा दाब वाढवला की पेडल जड होतं. अस्तर जास्त आक्रमक घेतलं, विशेषतः सिरॅमिकच्या तुकड्यांची प्लेट, की हळू सोडणं हा प्रकारच उरत नाही. गाडी एकतर उभी किंवा निघालेली, मधलं काही नाही. ट्रॅकवर हे चालतं. चांदणी चौकाच्या चढावर मागे रिक्षा चिकटलेली असताना नाही चालत. त्यात या गाड्यांना ड्युअल मास फ्लायव्हील असतो, म्हणजे दोन तुकड्यांचं फ्लायव्हील, मधे स्प्रिंगा, इंजिनचे झटके गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून. टॉर्क वाढवला की त्या स्प्रिंगांवरही भार येतो. काही जण तो काढून एकसंध फ्लायव्हील बसवतात. मजबूत असतो, शंका नाही, पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडायला लागतो आणि सिग्नलला शेजारचा काच खाली करून बघतो. क्लच सेट, फ्लायव्हील आणि मजुरी धरून बिल लाखाच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे डीएसजीच्या लाखांना घाबरून मॅन्युअलकडे वळलात तर तिथेही लाख उभेच आहेत.

मग मॅन्युअलची बाजू काय? मोठी आहे. तिचा बिघाड कळतो, आगाऊ कळतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला आणि आरपीएमचा काटा वर गेला पण वेग जागचा हलला नाही, तर क्लच संपत आलाय. ते समजायला स्कॅनर लागत नाही, कोल्हापूरला असा की नांदेडला, जाणता मेकॅनिक बॉक्स उतरवून नवीन बसवून देतो. डीएसजीचे क्लच-गिअर हलवणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटचं तसं नाही. आणि चालवण्याची मजा, तिला मी कमी लेखत नाही. पसरणी चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना आरपीएम जुळवून गिअर अलगद बसतो, ते समाधान पॅडल ओढून मिळत नाही. फक्त एवढंच म्हणतो, की ती मजा १८० पीएसमध्ये जास्त येते. तीनशे पीएस पुढच्या दोन चाकांना दिले की दुसऱ्या गिअरमध्ये तुम्ही आरपीएम जुळवत नसता, स्टिअरिंग सांभाळत असता.

ऑटोमॅटिकच्या बाजूला तीन वेगवेगळी घराणी आहेत आणि लोक त्यांना एकाच नावाने हाक मारतात, तिथे गोंधळ होतो. एएमटी (मॅन्युअल बॉक्सच, फक्त क्लच मशीन दाबतं) आणि सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) या ताकदीच्या चर्चेत धरतच नाही.

टॉर्क कन्व्हर्टर: इंजिन आणि बॉक्सच्या मधे तेल. गाडी निघताना जो घसरण्याचा भाग असतो तो तेलात होतो, प्लेटवर नाही. तापतं ते तेल, आणि तेल कूलरमधून थंड होऊन परत येतं. शिवाय निघताना कन्व्हर्टर टॉर्क वाढवूनही देतो, पावणेदोन-दोन पट. गाडी चालू लागली की आतला लॉकअप क्लच बसतो आणि घसरणं बंद. ट्रॅफिक आणि मोठा टॉर्क दोन्ही एकत्र सोसायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. जुन्या चार गिअरच्या कन्व्हर्टरवरून मत बनवलेले लोक अजून "रबर बँड" म्हणतात. त्यांनी झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असलेली बीएमडब्ल्यू एकदा चालवावी. तुमच्या दोन पर्यायांत कन्व्हर्टर नाही, पण बजेट वाढवून जुनी बीएमडब्ल्यू बघायची तयारी असेल तर माझं उत्तर तिकडे झुकेल. अर्थात तिथे गिअरबॉक्स सोडून बाकीच्या खर्चाचा विषय वेगळा.

ड्राय क्लचचा डीएसजी, म्हणजे डीक्यू२००: हा रीमॅपला योग्य नाही. मर्यादा २५०, आणि सुपर्ब १.८ असो की आजच्या व्हर्टस-स्लाव्हियाचं १.५ टीएसआय, इंजिन कारखान्यातूनच २५०वर उभं आहे. म्हणजे वर जागाच नाही. क्लच कोरडे, बेल हाउसिंगमधल्या हवेवर थंड होणारे. तुम्हाला जी डीएसजीची भीती घातली गेली आहे तिचा उगमही बहुतेक इथलाच. २०१३मध्ये फोक्सवॅगनने (स्कोडा याच समूहातली) जगभरातल्या सोळा लाख गाड्या याच बॉक्ससाठी परत बोलावल्या होत्या, सिंथेटिक तेल काढून मिनरल घालायला. उष्ण आणि दमट हवेत, थांबत-थांबत चालवताना मेकॅट्रॉनिकच्या वीजपुरवठ्याला त्रास होत होता. उष्ण, दमट, थांबत-थांबत: आपलं वर्णन वेगळं करायची गरज नाही. आहे तशी, नीट चालवली, तर ही गाडी लोक वर्षानुवर्षं वापरतात. पण कुणी "डीएसजी सुपर्ब स्वस्तात मिळतेय, तिलाच रीमॅप करून देतो" म्हणालं तर चहा प्या आणि निघा.

वेट क्लचचा डीएसजी, म्हणजे तुमच्या व्हीआरएस २३०चा सहा गिअरचा डीक्यू२५०: हे वेगळंच घराणं. हा २००३मध्ये गोल्फ आर३२मधून आला, त्यामुळे त्याच्या सवयी आता सगळ्यांना पाठ आहेत. दोन्ही क्लच पॅक तेलात बुडालेले, तेलाला कूलर. व्हीआरएस २३० कारखान्यातून ३५० न्यूटन-मीटर देते, साधारण १,५०० ते ४,६०० आरपीएमपर्यंत. याच कुळातल्या बॉक्सने गोल्फ जीटीडीच्या डिझेलचे ३८० कारखान्यातूनच पेलले. म्हणून थोडी जागा आहे असं मी म्हणतो, अमर्याद आहे असं नाही. नुसतं इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला हात लावला नाही, तर क्लच पॅकवरचा तेलाचा दाब जुन्याच हिशेबाने राहतो आणि नवा टॉर्क आला की पॅक घसरू शकतो. त्यामुळे इंजिनच्या रीमॅपसोबत गिअरबॉक्सचंही सॉफ्टवेअर करायचं. ते परवडत नसेल तर इंजिनही करू नका.

या बॉक्सचं आयुष्य तेलावर आहे. दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर, असं कंपनी सांगते. ताकद वाढवलेल्या आणि शहरात फिरणाऱ्या गाडीला मी ४०,०००लाच सांगतो. तेल बदलणं म्हणजे प्लग काढून ओतणं नव्हे. नवीन तेल खालून भरतात, गाडी चालू करून सगळे गिअर फिरवतात, आणि स्कॅनरवर तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मधे असताना पातळीच्या नळीतून जादा तेल थेंब-थेंब पडायला लागलं की प्लग लावतात. उन्हाळ्यात गाडी रस्त्यावरून आल्या-आल्या हे काम करता येत नाही, थंड होईपर्यंत थांबावंच लागतं. तुमच्या मेकॅनिकने तापमान न बघता पातळी बघितली तर त्याला दुसरं काहीही द्या, हे काम देऊ नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: सुपर्ब मॅन्युअलला २३०-२४० पीएसपर्यंत नेऊन नवीन क्लच बसवणं शक्य आहे, पण रोजच्या ट्रॅफिकची किंमत डाव्या पायाने मोजावी लागेल. सुपर्ब डीएसजीचा विषय बाद. व्हीआरएसला तीनशेच्या जवळ नेणं शक्य आहे, बॉक्सचं सॉफ्टवेअर आणि तेल यांवर खर्च करायची तयारी असेल तर.

आता रस्त्यावरचं. टर्बो गाडीत मॅन्युअलने गिअर बदलताना पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, तेवढ्या वेळात बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, पडतो, पुढच्या गिअरमध्ये तो पुन्हा भरावा लागतो. डीएसजीत पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, बूस्ट जवळजवळ तसाच राहतो. तीनशे पीएसला हा फरक ओव्हरटेक करताना नीट जाणवतो. ताम्हिणीत समोरून एसटी येत असताना अर्धा सेकंद ही छोटी गोष्ट नाही. पावसाळ्यात मात्र मॅन्युअलचा एक फायदा सांगायलाच हवा. ओल्या पानांवर पुढची चाकं फिरायला लागली तर क्लच दाबून क्षणात ताकद तोडता येते. डीएसजीत तुम्हाला पायावर आणि ट्रॅक्शन कंट्रोलवर भरवसा ठेवावा लागतो. दोन्हीकडे खरं उत्तर टायर आहे, आणि त्यावर लोक सगळ्यात शेवटी खर्च करतात.

उतारावर दोघांत फार फरक नाही, डीएसजी मॅन्युअल मोडला टाकून तिसरा किंवा दुसरा धरून ठेवला तर. डी मध्ये टाकून पसरणी उतरणाऱ्यांचे ब्रेक वाईला पोचेपर्यंत वास मारतात, मग बॉक्स कुठलाही असो.

ट्रॅफिकमध्ये डीएसजी कशी चालवायची, हे तुम्ही दोघांनी शिकून घ्या. ही गाडी ब्रेक सोडला की रांगते, त्यामुळे लोकांना वाटतं आत कन्व्हर्टर आहे. नाही, आत क्लच घसरतोय. दर वेळी अर्धी गाडी पुढे सरकण्यापेक्षा दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच नीट पुढे जा. पुण्यात ती जागा कुणीतरी ॲक्टिव्हा घालून भरणारच, ते मला मान्य आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवू नका, ब्रेकवर ठेवा. एवढं केलं तर क्लच पॅकवरचा बराच ताण जातो.

तुमच्या बायकोच्या म्हणण्याला मी वजन देईन, आणि फक्त घरात शांतता राहावी म्हणून नव्हे. जड क्लचची गाडी दोन वेगवेगळ्या सवयींचे लोक चालवतात तेव्हा क्लच लवकर जातो. एकाचा पाय पेडलवर विसावलेला, दुसऱ्याला चढावर हाफ क्लचवर धरायची सवय. डीएसजीत निदान क्लच धरण्या-सोडण्याचं काम दोघांसाठीही एकच कॉम्प्युटर करतो.

माझं उत्तर कशाने बदलेल तेही सांगतो. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर असतं, किंवा गाडी फक्त रविवारी निघणार असती, तर मी सुपर्ब म्हटलं असतं. तुम्ही साताऱ्याला किंवा सांगलीला राहत असतात आणि जवळ डीएसजी उघडणारा कुणी नसता, तरी सुपर्ब. आणि तीनशेचा आग्रह सोडून "आहे ती ताकद बास, मला गिअर टाकायचेत" असं म्हणालात, तर बिनधास्त सुपर्ब. ३२० न्यूटन-मीटरची, सहा गिअरची, मागे पाय पसरून बसता येणारी मॅन्युअल सेडान आपल्याकडे परत येईल असं मला वाटत नाही.

दोन कोरड्या गोष्टी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलायला मोकळीक नाही, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघाताच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध उभा राहू शकतो. ट्यूनर हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. दुसरी, इंधन. तीनशेचा मॅप ज्या ऑक्टेनवर केलाय तेच पेट्रोल रोज टाकावं लागेल. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० (१०० ऑक्टेनचं) किंवा तसलं काही महिन्याच्या बजेटमध्ये बसतंय का, ते आधी बघा. हायवेच्या पंपावर नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून ९५वर चालणारा सौम्य मॅप मी पसंत करतो.

आता व्हीआरएस बघायला जाल तेव्हा. मालकाला सांगा, गाडी सकाळपासून चालू करू नका, मी येऊन करतो. थंड इंजिनवर, सपाट जागी, ब्रेक अलगद सोडा: गाडी झटका न देता रांगायला हवी. डी, मग रिव्हर्स, पुन्हा डी, प्रत्येक वेळी किती उशिराने धरते ते बघा. बंद करताना खालून खडखड आली तर ड्युअल मास फ्लायव्हील दमलाय. गाडी चांगली तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये सहावा गिअर, सत्तरचा वेग, आणि पाय पूर्ण द्या, पण तळाशी जो टक लागतो त्याच्या आधी थांबा, नाहीतर किकडाऊन होऊन बॉक्स स्वतःच गिअर खाली टाकेल आणि परीक्षा वाया जाईल. काटा वेगाच्या पुढे पळाला तर क्लच पॅक घसरतोय. ट्रॅफिकमध्ये दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का बसतो का, तेही बघा. मग स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे कोड आणि क्लचची ॲडॅप्टेशन व्हॅल्यू (क्लच झिजेल तसा कॉम्प्युटरने जुळवून घेतलेला आकडा) काढून घ्या, फोटो काढा. जॉब कार्डवर ६०,०००च्या सुमारास तेलाची नोंद नसेल तर मालक कितीही गोड बोलला तरी किंमत पाडा, किंवा गाडी सोडा.

सगळं जमून गाडी घेतली तर पहिल्या महिन्यात रीमॅप करू नका. आधी बॉक्सचं तेल-फिल्टर, प्लग, चार चांगले टायर. हजारेक किलोमीटर आहे तशी चालवा, पुन्हा स्कॅन करा, पहिल्या फोटोशी ताडून बघा. मग ट्यूनरकडे जा आणि त्याला विचारा, तिसऱ्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार आरपीएमला किती न्यूटन-मीटर देणार, आणि गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा किती ठेवणार. उत्तर फक्त पीएसमध्ये आलं तर दुसरा ट्यूनर शोधा.